तिवराचं झाड आणि १९०५ सालचा कागद : 'बदल झाला' असं लिहिण्याआधी

तुमच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'बदल', 'ऱ्हास' किंवा 'परिणाम' यांपैकी एखादा शब्द आहे का? विषय पर्यावरणाचा असेल तर बहुतेक असणारच. मग आरआरसीसमोर एक प्रश्न ठरलेला आहे असं समजा. बदल झाला म्हणता, तर आधी काय होतं? आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं?

बरेच जण इथंच अडखळतात. 'पूर्वी इथे घनदाट जंगल होतं' हे वाक्य आपण फार सहज लिहून टाकतो. पूर्वी म्हणजे कधी, कोणी मोजलं, कशानं मोजलं, याचं उत्तर आपल्याजवळ नसतं. आज हाच प्रश्न एका झाडाच्या निमित्तानं समजून घेऊ. झाड आहे तिवर, आणि विषय आहे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या खारफुटीचं संशोधन.

उमरी, भोकर, धर्माबादकडच्या वाचकांना वाटेल, आपला आणि खारफुटीचा काय संबंध? उमरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटर लांब. पण हा लेख शेवटपर्यंत वाचा. या इतिहासातली एक मोठी प्रयोगशाळा कोल्हापूरला होती आणि नकाशे करणारी संस्था नागपूरला आहे. समुद्र या दोन्ही गावांना नाही.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला परत जातं, अशा चिखलात वाढणारी झाडंझुडपं म्हणजे खारफुटी. शासकीय कागदात तिला कांदळवन म्हणतात. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी ही त्यातली ओळखीची नावं. त्यांच्या मागे, जिथे फक्त मोठ्या भरतीचं पाणी पोचतं, तिथे खाजण लागतं. तिथे मांसल पानांच्या बुटक्या वनस्पती आणि खारं गवत असतं. या सगळ्यावर गेल्या सव्वाशे वर्षांत जे काम झालं, त्यात प्रत्येक पिढीनं वेगळा प्रश्न विचारलेला दिसतो.

पहिला प्रश्न : कोणती झाडं आहेत?

एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १९०३ मध्ये मुंबईत आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. दोनच वर्षांत, म्हणजे १९०५ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर आणि तिच्या जीवनपद्धतीवर लेख छापून आला. त्यांनी सुरू केलेल्या संग्रहाला आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणतात. तो झेवियर्समध्येच आहे.

आता एक गंमत बघा. समजा तुम्ही आज तिवरावर काम करताय. तिवराचं शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरीना. तुम्ही १९०५ सालचा लेख स्कॅन करून त्यात हे नाव शोधलं, तर ते सापडण्याचा प्रश्नच येत नाही. मग निष्कर्ष काय काढणार? १९०५ मध्ये ही प्रजाती इथे नव्हती, नंतर आली?

तसं काही नाही. फोर्सस्काल नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं केलेलं या झाडाचं वर्णन १७७५ मध्ये छापलं गेलं होतं, पण तिथे त्याची प्रजात वेगळी धरली होती. 'ॲव्हिसेनिया मरीना' ही जोडी फिअरहापर यांनी १९०७ मध्ये केली. म्हणजे १९०५ मध्ये झाड होतं, नाव नव्हतं. मुंबईच्या जुन्या लिखाणात तिवर कधी 'ऑफिसिनॅलिस' तर कधी 'अल्बा' या नावानं येतो. त्यातल्या पुष्कळ झाडांना आज आपण मरीना म्हणू. ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस ही वेगळी प्रजातीसुद्धा आपल्याकडे आहेच, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो.

मग जुन्या लेखातलं झाड नेमकं कोणतं, हे कसं ठरवायचं? हर्बेरियम शीट बघून. वाळवलेली फांदी, पान, फूल, आणि खाली लेबल : कुठे गोळा केलं, कधी, कोणी. नाव बदललं तरी फांदी तीच राहते. गाईड हर्बेरियम शीट जमा करायला लावतात तेव्हा आपल्याला ते कारकुनी काम वाटतं. पण शंभर वर्षांनी तुमच्या यादीवर कोणी शंका घेतली, तर तुमच्या बाजूनं बोलायला तेवढी एक फांदीच असेल.

दुसरा प्रश्न : एवढं मीठ सहन कसं होतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आपल्याकडची ज्वारी किंवा कापूस त्यात टिकणार नाही. तिवर टिकतो, तो कसा?

या प्रश्नावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, आजच्या विज्ञान संस्थेत, १९४०च्या दशकात काम झालं. एफ. आर. भरूचा यांनी फ्रान्समध्ये माँपेलिएला ब्राउन-ब्लाँके यांच्याकडे परिसंस्थेचा अभ्यास केला होता. त्यांनी आणि बी. एस. नवलकर यांनी खारफुटीच्या पर्यावरणावर लेखांची मालिकाच लिहिली. चिखलाचे गुणधर्म, पानांची अंतर्रचना, पानातल्या रसाचा परासरण दाब आणि त्यातलं क्लोराइडचं प्रमाण असे तिचे विषय होते. नवलकरांनी पुढे १९५६ मध्ये मुंबई आणि साष्टी बेटांवर खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती कुठे कुठे आहेत, यावरही लिहिलं.

त्यानंतर काम सह्याद्री चढून वर आलं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात जी. व्ही. जोशी, एल. जे. भोसले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोकणच्या खारफुटीचं शरीरक्रियाशास्त्र हाती घेतलं. बियांचं रुजणं, पानातले क्षार, प्रकाशसंश्लेषण असे प्रश्न होते. १९७४ मध्ये होनोलुलूला खारफुटीवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या १९७५ मध्ये निघालेल्या ग्रंथात जोशी, जमाले आणि भोसले यांचा क्षार-नियंत्रणावरचा लेख आहे. घाट उतरून खाडीवर जायचं आणि घाट चढून प्रयोगशाळेत परत यायचं, अशा पद्धतीनं हा विभाग तिथवर पोचला.

याच काळात जगात दुसरीकडे काय चाललं होतं? स्कोलँडर आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवलं, की खारफुटीच्या काही जाती मूळाशीच बहुतेक मीठ गाळून बाहेर ठेवतात, तर काही पानांवरच्या ग्रंथींमधून ते बाहेर टाकतात. तिवर दुसऱ्या गटात येतो. त्याच्या पानावर बोट फिरवलं तर खारटपणा जाणवतो, तो यामुळे. १९६५ मध्ये स्कोलँडर यांनी दाबपात्र वापरून झाडातल्या रसाचा ताण मोजला. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब साधारण २५ वातावरणांएवढा असतो. त्यातून पाणी खेचायचं तर झाडाला त्याहून जास्त ओढ लावावी लागते, आणि खारफुटीत तशी ती खरंच असल्याचं दिसलं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. नवलकरांना 'पर्यावरण बदल' मोजायचा नव्हता. झाड कसं जगतं, एवढंच त्यांना हवं होतं. पण त्यांनी चिखलाचं मोजमाप केलं ते ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहायच्या आधी. त्यामुळे त्यांचे आकडे आज आपल्यासाठी 'आधी' झाले.

ते तसेच उचलून आजच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील का? थांबा. मे महिन्यात खाडीचं पाणी सर्वांत खारट असतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं ते कितीतरी गोडं होतं. जुना नमुना ऑगस्टचा आणि तुमचा मे महिन्याचा असेल, तर 'क्षारता भयंकर वाढली' असा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा असेल. नमुना भरतीच्या वेळी घेतला की ओहोटीच्या, चिखलाच्या वरच्या थरातून की हातभर खालून, क्लोराइड टायट्रेशननं मोजलं की आज आपण मीटरनं विद्युतवाहकता मोजतोय, हे सगळं जुळलं तरच तुलना. जुना पेपर वाचताना आपण थेट निष्कर्षावर उडी मारतो. तुलनेसाठी पेपरचा सगळ्यांत मोलाचा भाग 'साहित्य आणि पद्धती' हा असतो, तोच आपण गाळतो.

तिसरा प्रश्न : एकूण किती आहे?

उपग्रह आले आणि प्रश्न बदलला. भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला वनस्थिती अहवाल १९८७ चा. त्यात महाराष्ट्राची खारफुटी १४० चौ. किमी होती. पुढच्या अहवालांतले आकडे बघा : १९९१ मध्ये ११३, १९९३ मध्ये १५५, १९९९ मध्ये १०८, २००३ मध्ये १५८, २०११ मध्ये १८६, २०१५ मध्ये २२२, २०१७ मध्ये ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४.

हा आलेख काढून बघा. करवतीच्या दातांसारखा वर-खाली होतो आणि मग सरळ वर जातो. झाडं अशी वागतात का? काही ठिकाणी खरंच तोड झाली, काही ठिकाणी लागवड झाली, काही ठिकाणी आपोआप वाढ झाली. पण या चढउतारात मोजणीचाही वाटा आहे, आणि तो वेगळा काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुरुवातीच्या अहवालात उपग्रह चित्राचा एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, ८० मीटरचा होता. नकाशा दहा लाखास एक या प्रमाणाचा, आणि अर्थ लावायचा तो डोळ्यांनी. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. खाडीच्या काठानं वीस-तीस मीटर रुंदीची तिवरांची पट्टी असेल, तर ती त्यात दिसणार कशी? २००१ च्या अहवालापासून संगणकावर वर्गीकरण सुरू झालं. पिक्सेल २३.५ मीटरचा आणि प्रमाण पन्नास हजारास एक. जुन्या एका चौकोनाच्या जागेत आता जवळपास बारा चौकोन बसतात. म्हणून १९८७ चा १४० आणि २०२१ चा ३२४ शेजारी ठेवून 'खारफुटी दुपटीहून जास्त वाढली' असं लिहिणं म्हणजे वेगवेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य एकाच हिशोबात धरणं.

बरं, २०१५ आणि २०१७ मध्ये तर चौकोन तोच होता. तरी दोन वर्षांत ८२ चौ. किमी वाढ कशी? ती सगळी नवी उगवण की आधीचीच खुरटी, विरळ झाडी आता हिशोबात आली? असा प्रश्न विचारणं म्हणजे अहवालावर आरोप करणं नव्हे. संशोधकाचं ते कामच आहे.

आणि दुसरी बाजूही बघा. मुंबईच्या आसपासच्या खारफुटीचा उपग्रह चित्रांवरून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९९० ते २००१ या काळात सुमारे ३६ चौ. किमी, म्हणजे जवळपास ३९ टक्के खारफुटी गेल्याचं दिसलं. राज्याचा आकडा मात्र १९९१ मध्ये ११३ आणि २००१ मध्ये ११८. म्हणजे राज्याच्या कागदावर किंचित वाढ, आणि मुंबईत दर पाच झाडांमागे दोन गायब! दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीनं काढलेले आहेत. तुम्ही प्रबंधात यातला एकच उचलला, तर अर्धी गोष्ट सांगाल.

'वाढ' म्हणजे चांगलंच, असंही नाही. ठाणे खाडीत गाळ साचून उघड्या चिखलपट्टीवर तिवर पुढे सरकत असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलंय. रोहित पक्ष्यांना खाद्य मिळतं ते त्याच उघड्या चिखलात.

चौथा प्रश्न : ही जमीन कधीपासून खारफुटीची?

इथे प्रश्न प्रयोगशाळेतून कोर्टात गेला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश देऊन राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि खारफुटीपासून ५० मीटरच्या आत बांधकामही थांबवलं. नागपूरच्या महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटरनं उपग्रह चित्रांवरून नकाशे केले. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष सुरू झाला आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल आला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाला.

या आदेशानं खूप काही वाचलं. पण रायगडच्या खारेपाटात जाऊन बघा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, समुद्राचं पाणी अडवून भात पिकवलं जातं. या बांधांसाठी १९४८ मध्ये खारजमिनीचा कायदा झाला, पुढे १९७९ मध्ये नवा आला. बांध फुटला आणि वेळेत दुरुस्त झाला नाही, की भरतीचं पाणी शेतात शिरतं. त्यासोबत बिया येतात आणि काही वर्षांत शेतात तिवर उभा राहतो. आता ते शेत की कांदळवन? सातबारावर शेतकऱ्याचं नाव, उपग्रह चित्रात हिरवी खारफुटी. झाड तोडलं तर गुन्हा, नाही तोडलं तर भात नाही.

अशा ठिकाणी 'आधी काय होतं' हा प्रश्न एखाद्या घराच्या पोटाशी येऊन भिडतो. बांध कधी फुटला, तिवर कधी आला, याची तारखेसह नोंद असेल तर निदान बोलता तरी येतं. दुसऱ्या बाजूनंही तेच खरं आहे. भराव टाकून खारफुटी मारायची आणि 'इथे कधीच काही नव्हतं' असं सांगायचं, हेही जुन्या नोंदीमुळेच उघडं पडतं. एकच नोंद शेतकऱ्याच्याही उपयोगाची आणि झाडाच्याही.

नोंदच नसेल तर?

मग चिखलाला विचारायचं. कारवारजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळ्यांमधले परागकण फ्रेंच इन्स्टिट्यूट ऑफ पाँडिचेरीच्या अभ्यासकांनी तपासले. १९९४ मध्ये त्यांनी मांडलं, की सुमारे ३५०० वर्षांपूर्वीपासून खारफुटीचे परागकण कमी होत गेले आणि हवामान कोरडं होत गेलं. तेव्हा ना भराव होता ना कारखाना. म्हणून 'खारफुटी घटली म्हणजे माणसानंच घटवली' हे गृहीत धरता येत नाही. आणि नैसर्गिक बदल आधीही झाले होते, म्हणून आजच्या भरावाला माफी मिळते, असंही नाही. ३५०० वर्षांपूर्वीच्या बदलाचं कारण परागकणांत शोधावं लागतं. मुंबईतल्या अकरा वर्षांतल्या घटीसाठी आधी नकाशे, भराव आणि बांधकाम तपासावं लागेल.

अमेरिकेत याच्याही पुढचं काम झालंय. चेसापीक उपसागराच्या दलदलीत एका लव्हाळ्याच्या बिया गाळात थरांनी गाडलेल्या आहेत. संशोधकांनी शंभर वर्षांपर्यंत जुन्या थरांतल्या बिया काढून रुजवल्या आणि आजच्या रोपांसोबत वाढवून बघितल्या. २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांनी दाखवलं, की एवढ्या काळात वनस्पतीच्या मुळांसंबंधीचे गुण बदललेत, आणि समुद्रपातळी वाढताना दलदल किती तग धरेल यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणजे झाड आहे तसंच राहिलं आणि फक्त परिसर बदलला, हेही गृहीत धरायचं नाही.

मग आपण काय करायचं?

आता मराठवाड्यात परत या. पूर्णा प्रकल्पाचं आणि नंतर जायकवाडीचं पाणी कालव्यानं शिवारात आलं. काही ठिकाणी पाणी जास्त आणि निचरा कमी, त्यामुळे जमीन चिबड झाली, चोपण झाली. तिथे मीठ सहन करणाऱ्या वनस्पती येतात. तिवराला पडलेला प्रश्न आणि चोपण जमिनीतल्या पिकाला पडलेला प्रश्न जीवशास्त्राच्या दृष्टीनं सख्खे शेजारी आहेत. यावर पीएचडी करायची तर समुद्राची गरज नाही.

पण पहिला प्रश्न तोच येईल. कालवा यायच्या आधी ती माती कशी होती? जुने मृदा सर्वेक्षण अहवाल, जिल्हा गॅझेटियर, निजामकाळातले जमिनीचे कागद कुठे आहेत ते शोधा. निजामकाळातले बरेच कागद उर्दूत आहेत, म्हणजे वाचणारा माणूसही शोधावा लागेल. वयस्कर शेतकऱ्यांना विचारा, पण 'पूर्वी' या उत्तरावर थांबू नका. कालव्याला पाणी आलं त्या साली, ७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर, अशी खूण बांधून घ्या.

आणि स्वतःची नोंद करताना जागा अक्षांश-रेखांशांसह लिहा, तारीख आणि ऋतू लिहा, पद्धत इतकी सविस्तर लिहा की अनोळखी माणसाला ती तशीच करता यावी. वनस्पती असेल तर नमुना हर्बेरियममध्ये जमा करा. नवलकरांना ठाऊक नव्हतं की त्यांच्या क्लोराइडच्या आकड्यांचा पुढे कोणाला काय उपयोग होईल. आपल्यालाही आपल्या आकड्यांबद्दल ते ठाऊक नसतं.

आज एवढंच करा. सिनॉप्सिस उघडा, 'पूर्वी' हा शब्द शोधा आणि तो जिथे जिथे सापडेल तिथे साल आणि नोंद करणाऱ्याचं नाव लिहून बघा. जिथे लिहिता येणार नाही, तिथून तुमचं काम सुरू होतं.